आजोबांपेक्षा जुनी वस्तू

मे महिन्यात आमच्या घरी दुपारी एक ते चार मोठ्यानं बोलायला बंदी होती. बंदी सासऱ्यांची. त्यांना मी मामंजी म्हणत असे. मामंजी जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. उभं आयुष्य उन्हातान्हात साखळी ओढत लोकांच्या जमिनी मोजल्या, तेव्हा म्हातारपणी दुपारची झोप हा आपला हक्कच आहे, असं त्यांचं म्हणणं. ते ओटीवरच्या बाकावर आडवे व्हायचे, तोंडावर पंचा घ्यायचे आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचे. त्यांच्या घोरण्याला मात्र ही बंदी लागू नव्हती.

आणि घरात पोरं चार. माझी मुलगी सात वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, शिवाय मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या मास्तरांच्या दोन मुली, एक आठाची आणि एक सहाची. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. गावात कुणाकुणाकडे टीव्ही आले होते, आमच्याकडे रेडिओच होता आणि तोही दुपारी बंद. चार पोरं, बंद रेडिओ, घामाच्या धारा आणि तोंडानं ब्र काढायचा नाही. सरकारनंही कैद्यांना याहून बरं ठेवलं असतं.

मी साताऱ्याकडची. लग्नाआधी डी.एड. केलं होतं, पण नोकरी काही लागली नव्हती. त्यामुळे बालमानसशास्त्राचं जे काही शिकले होते ते सगळं या चौघांवरच चालायचं. त्यातच माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या साहेबांच्या बायकोनं वाचून झालेली इंग्रजी मासिकं पाठवली. एकात मुलांचा एक खेळ दिला होता. आईनं वस्तूंची यादी करायची, मुलांनी घरात आणि अंगणात फिरून त्या वस्तू हुडकून आणायच्या, ज्याच्या जास्त वस्तू तो जिंकला. सोबत नमुन्याची यादीही होती. तिच्यात पाइनचं बोंड होतं, ओकचं फळ होतं, लोकरीचा धागा होता. रत्नागिरीत मे महिन्यात लोकरीचा धागा नुसता शब्द वाचूनच मला घाम फुटला. पण खेळ मला पसंत पडला, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं.

मी माझी यादी केली. पाइनच्या जागी सुरूचं बोंड घातलं. मांडवीच्या किनाऱ्यावरून आणलेली ती बोंडं पोरांच्या खजिन्यात होतीच. पुढे लिहिलं, एक गोल दगड, एक पीस, एक वास येणारी वस्तू, एक लाल वस्तू. मुलाला अजून वाचता येत नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी चित्रं काढली. माझं चित्रकलेचं अंग एवढं की पिसाचं चित्र बघून तो माशाचा काटा घेऊन आला. आमच्या घरात मासा शिजत नसे. काटा कुठून आणला हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

लाल वस्तूची गंमत तर मी कधी विसरणार नाही. मास्तरांच्या थोरलीनं सुकी मिरची आणली. माझ्या मुलीनं माझ्या ट्रंकेतलं नवं पोलकं आणलं, तेही अंगणातनं फरफटत. धाकटीनं दासवाळाचं, म्हणजे जास्वंदीचं, फूल आणलं. आणि माझा मुलगा नुसताच येऊन उभा राहिला.

"तुझी लाल वस्तू कुठाय?" मी कुजबुजत विचारलं.

त्यानं गुडघा पुढे केला. पायरीवर आपटून चांगला फुटला होता, रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. खेळात बोलायचं नाही म्हणून बिचारा रडलाही नव्हता. मी त्याला उचलून आत नेलं, हळद लावली, आणि त्या हळदीनं बोंबलण्याआधी घाईघाईनं त्याला पहिला नंबर देऊन टाकला. मास्तरांची थोरली त्यावर दोन दिवस फुगून होती. तिचं म्हणणं, गुडघा घरातलाच होता, हुडकून कुठे आणला?

आठवडाभर खेळ छान चालला. मामंजींना पत्ता नव्हता. मग एकदा मी यादीत "चकचकीत वस्तू" आणि "चामड्याची वस्तू" असं लिहिलं, आणि मामंजी चारऐवजी साडेतीनला जागे झाले. उशापासचा चष्मा नाही, तपकिरीची डबी नाही, बाकाखालची एक चप्पल नाही.

"सूनबाई," ते आत येऊन गंभीरपणे म्हणाले, "घरात चोर शिरलाय. आणि चोराचा एक पाय लाकडी असावा. चप्पल एकच नेलीन्."

सगळं सांगावंच लागलं. मला वाटलं, आता खेळ बंद. मामंजींनी यादी मागितली. चष्मा मिळाल्यावर ती दोनदा वाचली. मग पेन्सिल मागितली.

"गोल दगड म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "किती मोठा? कसा गोल? चेंडूसारखा की चकतीसारखा? असं मोघम लिहिलं तर तंटे होणारच."

"मामंजी, पाच वर्षांचं पोर आहे ते."

"म्हणून तर नेमकं लिहायला हवं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीचा खेळ आपण लावणार, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मामंजी झोपलेच नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी चौघांना ओटीवर ओळीनं बसवलं आणि फुलस्केप कागद वाचायला घेतला. "सदर खेळात एक पत्र्याचा डबा लपवण्यात आलेला असून तुळशीवृंदावनाच्या ईशान्य कोपऱ्यापासून पूर्वेस बावीस पावले, तेथून काटकोनात दक्षिणेस नऊ पावले." पोरांनी माझ्याकडे बघितलं. ईशान्य म्हणजे काय हे चौघांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही मनात बोट फिरवून बघावं लागलं.

मामंजी सहा फुटांचे. त्यांचं एक पाऊल म्हणजे माझ्या मुलाची तीन. मुलगा बावीस पावलं मोजून धुण्याच्या दगडापाशी पोचला आणि तिथंच उकरायला बसला. मुलगी आणि धाकटी गोठ्यात शिरल्या. थोरली हुशार, ती एकेक पाऊल उडी मारून टाकायला लागली, पण चौदाव्या उडीला शेणात घसरली. तासाभरानं चौघं रडकुंडीला आली. मग मामंजी स्वतः उठले. वृंदावनापाशी उभे राहून त्यांनी सूर्य पाहिला, बावीस पावलं टाकली, नऊ पावलं टाकली, आणि थांबले. समोर केळीचं झाड होतं. खाली काहीच नव्हतं.

"सकाळी चपला होत्या पायात," ते पायांकडे बघून म्हणाले. "आता नाहीत. त्यामुळे पाऊल कमी पडतंय."

डबा सापडला तिसऱ्या दिवशी, पेंढ्याच्या उडवीखाली. हुडकायचं श्रेय मुंग्यांना द्यायला हवं. त्यांची रांग धरून गेलो तेव्हा कळलं. बिस्किटं होती, पण ताबा मुंग्यांचा होता. मामंजींनी उकिडवं बसून जागेची पाहणी केली आणि निकाल दिला, "मोजणी बरोबर आहे. चूक पावलाची आहे." आपण मोजणीत चुकू शकतो हे त्यांना उभ्या जन्मात मान्य झालं नाही.

त्यानंतर आम्ही वाटणी केली. यादी मी करायची, निकाल मामंजींनी द्यायचा. तीन वाजता ते बाकावर उठून बसत, कानाला पेन्सिल लावत आणि एकेका पोराच्या वस्तू तपासत. सुरूच्या बोंडाला एक खवला कमी असला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. झोपेचा तास गेला याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. फक्त यादी रोज वेळेवर तयार हवी, एवढं मात्र बजावलं.

इथं शेजारचं सांगायला हवं. आमच्या आणि शेजारच्या अंगणामध्ये कमरेइतका गडगा होता, नुसते जांभे दगड एकावर एक रचलेला. पलीकडे एक विधवा बाई एकट्या राहत. वय पासष्टीच्या घरात, मूलबाळ नाही, भाचे पुतणे मुंबईला. मी त्यांना काकू म्हणत असे. मामंजी त्यांना वहिनी म्हणत आणि त्या मामंजींना भाऊजी, पण हे मला नुसतं ऐकून माहीत होतं. कारण गेली तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण होतं रातांब्याचं झाड. ते नेमकं गडग्यावर उभं होतं. रातांबे म्हणजे ज्याची आमसुलं करतात ते फळ. पन्नास वर्षं काकू ते रातांबे काढत, आमसुलं करत, आमच्याकडे बरणीभर पाठवत. कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. पण मामंजी निवृत्त झाले. हाताला काम नाही. म्हणून त्यांनी एका सकाळी साखळी काढली आणि हौसेखातर स्वतःचंच अंगण मोजलं. मोजणीत निघालं की झाड दीड हात आमच्या हद्दीत आहे. झाड घ्यायचं मामंजींच्या मनात नव्हतं. पण निघालेला निकाल सांगितला नाही तर ते मोजणीदार कसले? त्यांनी गडग्यावरून काकूंना तो सांगितला.

काकू म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता आमसुलंही तुम्हीच करा." आणि आत गेल्या, त्या गेल्याच.

मग त्यांनी रातांबे काढायचे नाहीत, आणि मामंजींनीही काढायचे नाहीत. तीन वर्षं फळं पिकून गळत होती आणि गडग्याच्या दोन्ही बाजूंना जमीन जांभळी होत होती. मी आमसुलं बाजारातून विकत आणत होते. मी काकूंशी विहिरीवर दोन शब्द बोलायची, पण मी सून, आणि तीही घाटावरची. माझ्या बोलण्यानं काय होणार होतं?

तर त्या दिवशी मी यादीत एक जरा अवघड कलम घातलं. "आजोबांपेक्षा जुनी वस्तू." माझ्या डोळ्यांपुढे माजघरातला पितळी हंडा होता, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. पोरांनी विचार करावा, घरातल्या जुन्या गोष्टींकडे बघावं, असा माझा डी.एड.चा उच्च हेतू होता.

तीन वाजता पोरं जमली. माझ्या मुलीनं देवातली घंटा आणली होती. ती मामंजींच्या आजोबांची, म्हणून मान्य झाली. थोरलीनं आडकित्ता आणला, तोही मान्य. धाकटी एक जांभा दगड घेऊन आली.

"हा कसा जुना?" मामंजींनी विचारलं.

"दगड सगळ्यांतच जुना असतो," धाकटी म्हणाली.

मामंजी इतके खूश झाले की त्यांनी तिला दोन गुण दिले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलगा नाही.

घरात बघितलं, गोठ्यात बघितलं, मागच्या खोल्यांत बघितलं. हाका मारल्या, त्या दुपारच्या बंदीची पर्वा न करता मारल्या. मग मी विहिरीकडे धावले. कठड्याला धरून वाकले, तर खाली काळं पाणी आणि त्यात माझंच तोंड. किती वेळ वाकून होते कुणास ठाऊक. मामंजीही मागं येऊन उभे राहिले होते, त्यांच्या कानावरची पेन्सिल कुठंतरी पडली होती.

"काकी, तो आला!" थोरली ओरडली.

पाखाडीकडच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेकडच्या, बाजूला आमचं बेडं होतं, आडवे बांबू सरकवून उघडायचं फाटक. त्यातून माझा मुलगा येत होता. त्यानं शेजारच्या काकूंचा हात धरला होता आणि तो त्यांना ओढत होता. काकूंचा पदर एका खांद्यावर, दुसऱ्या हातात पिठाळलेली पळी. तीन वर्षांनी त्या आमच्या अंगणात पाऊल टाकत होत्या, आणि तेही पळीसकट.

"आणली!" मुलगा म्हणाला. "आजोबांपेक्षा जुनी."

मामंजी उघडेबंब होते. ते इतक्या लगबगीनं घरात गेले आणि सदरा घालून बाहेर आले की बटणं वरची खाली आणि खालची वर लागली होती.

"हा तुझा लेक," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, मामंजींकडे नाही. "स्वयंपाकघरात आला आणि माझा हातच धरलान्. म्हणाला, आजी, तुम्ही आजोबांपेक्षा जुन्या आहात ना? मी म्हटलं, कोण म्हणतो मेल्या? तर म्हणे, यादीत लिहिलंय. कोण गो लिहितं असल्या याद्या?"

चारही पोरांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. धरणी दुभंगायची वाट मी अशी कधी पाहिली नव्हती.

"वहिनी, बसा," मामंजी म्हणाले.

तीन वर्षांतला पहिला शब्द. काकूंनी तो ऐकला नसल्यासारखं केलं. "बसायला नाही आले मी. पोराला पोचवायला आले. ऊन काय कमी आहे?" असं म्हणत त्या ओटीच्या पायरीवर बसल्या.

मी पाणी आणि गूळ आणून ठेवला. थोरलीला मात्र पाहुणचारात रस नव्हता. ती निकालासाठी थांबली होती.

"आजोबा, हे चालणार नाही," ती म्हणाली. "त्या वस्तू नाहीत. त्या आजी आहेत."

मुलगा खवळला. "मी हुडकून आणलंय!"

मामंजींनी घसा साफ केला. "मुद्दा बरोबर आहे. मनुष्यप्राणी हा वस्तू या सदरात धरता येत नाही."

"का धरता येत नाही?" काकू म्हणाल्या. त्या पळी पदराला पुसत होत्या. "घरात एका कोपऱ्यात पडून असते. कुणी उचलत नाही, कुणी ठेवत नाही. वस्तूच की."

त्यांनी ते सहज म्हटलं, हसतच म्हटलं. पण मला वर बघवेना. मामंजी सदऱ्याची चुकलेली बटणं सोडवायला लागले आणि ती काही सुटेनात.

"पण जुनी मात्र नाही हो मी," काकू एकदम म्हणाल्या. "भाऊजी माझ्याहून मोठे आहेत."

मामंजींची मान ताडकन वर झाली. "मी? मी मोठा? वहिनी, तुम्ही लग्न होऊन शेजारी आलात तेव्हा मी दुसरीत होतो."

"होतात ना! पाटी फोडून घरी आलात आणि मार चुकवायला आमच्या माजघरात लपलात. कणगीमागं कुणी लपवलं तुम्हाला? मीच लपवलं. तुमचे वडील छडी घेऊन दारात, आणि मी नवी नवरी, डोक्यावर पदर घेऊन खोटं बोलते, इथं नाही आले हो कुणी."

चारही पोरं काकूंच्या जवळ सरकली. आजोबांना छडी बसणार होती ही बातमी त्यांना पेपरातल्या कुठल्याही बातमीपेक्षा मोठी होती.

"आजोबा रडले?" मुलानं विचारलं.

"रडले? कणगीतला भात भिजला असता."

"ते राहू द्या," मामंजी घाईनं म्हणाले. "वय काढा. तुम्ही तेव्हा किती वर्षांच्या होतात?"

"बाराची."

"आणि मी आठाचा. म्हणजे?"

काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग आपण सापडलो हे त्यांच्या ध्यानात आलं. "चार वर्षांचं काय एवढं घेऊन बसलात?" त्या म्हणाल्या. "चार वर्षं म्हणजे काय, सुपारी खांडून होत नाही तोवर जातात."

"यादीत नुसतं ‘जुनी’ म्हटलंय," मामंजी म्हणाले. "किती जुनी ते म्हटलेलं नाही." त्यांनी पेन्सिल मागितली. यादीवर खूण केली आणि मुलाला पहिला नंबर दिला. थोरली म्हणाली की हा निकाल वशिल्याचा आहे. माझ्या माहितीत त्यांचा तो पहिलाच निकाल, ज्यात त्यांनी वस्तूची व्याख्या सोडून दिली.

बक्षीस होतं फणसपोळीचा मोठा तुकडा. मुलानं तो दोन्ही हातांनी फाडला आणि अर्धा काकूंना दिला, कारण वस्तू त्या होत्या. काकूंनी तुकडा तोंडात घातला, चावला, माझ्याकडे पाहिलं.

"तू केलीस?"

"हो."

"कळतंय. साताऱ्याची फणसपोळी आहे."

पुढची वीस मिनिटं फणस कुठला घ्यावा, गर कसा चाळावा आणि ताटाला तूप किती लावावं यावर मला शिकवणी मिळाली. मी मान डोलावत होते आणि मनातून मुलाचा पापा घेत होते.

निघताना काकू बेड्याकडे न जाता गडग्याकडे वळल्या. रातांब्याखाली जरा थांबल्या. जमिनीवर फुटलेल्या फळांवर माश्या घोंगावत होत्या.

"सडताहेत," त्या म्हणाल्या.

"हो," मामंजी म्हणाले.

"वाईट दिसतं."

"हो."

बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी काकूंनी गडग्यावरून माझ्या मुलीला हाक मारली आणि पाटी घेऊन यायला सांगितलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून यादी त्या तोंडी सांगत होत्या. मुलीनं ती सुवाच्य अक्षरात लिहून आणली आणि मला वाचून दाखवली. एक, झाडावरचे पिकलेले रातांबे. दोन, आणखी रातांबे. तीन, टोपलीत न मावणारे रातांबे.

पोरांनी तीन टोपल्या भरल्या. हात, तोंड, कपडे, सगळं जांभळं. अर्ध्यात माझ्या मुलाला शंका आली. "आजी, हा खेळ नाही. हे काम आहे."

"मेल्या, खेळ म्हणून केलं की खेळच असतो," काकू म्हणाल्या. "हुडक. तिकडे पानाआड दिसतोय तो."

माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते काकूंनी एका दुपारी करून दाखवलं. मामंजींनी टोपल्यांची निम्मी निम्मी वाटणी मोजून करावी असं सुचवून पाहिलं. त्यावर काकू म्हणाल्या, "भाऊजी, ती साखळी घरातच राहू द्या." मामंजी घरात गेले. थोड्या वेळानं बाहेर आले ते मीठ घेऊन. आमसुलं आमच्या अंगणात वाळली, कारण ऊन आमच्याकडे जास्त, आणि बरणी भरून आमच्याकडे आली ती काकूंच्या घरातून.

पुढे चार-पाच उन्हाळे हा खेळ चालला. काकू रोज तीनच्या सुमाराला येऊन बसायच्या. आता न्यायाधीश दोन झाले होते आणि दोघांचा निकाल कधी एक येत नसे. एकाला गोल वाटलेला दगड दुसऱ्याला चपटा वाटायचा. पोरं बिचारी वस्तू हातात धरून उभी, आणि न्यायाधीशांचंच भांडण जुंपलेलं. काकू लबाडीही करायच्या. माझ्या मुलाला एखादी वस्तू सापडत नसली की खोकायच्या. जवळ आला तर जोरात, लांब गेला तर हळू. मामंजींच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी खोकल्यावर हरकत घेतली. काकू म्हणाल्या, दमा आहे मला. त्यांना दमा नव्हता.

मग मास्तरांची बदली देवरुखला झाली, दोन भिडू गेले. माझी मुलगी पाचवी ओलांडून सहावीत गेली आणि तिला एकाएकी वाटायला लागलं की असले खेळ लहान पोरांचे. मुलगा क्रिकेटच्या नादी लागला. त्या मे महिन्यात मी यादी केली नाही. पण तीन वाजले की मामंजी बाकावर उठून बसायचे, आणि काकू बेड्यातून यायच्या. दोघं रिकाम्या अंगणाकडे बघत बसायचे.

"पोरं कुठं गेली?" काकूंनी एकदा विचारलं.

"मोठी झाली," मी म्हटलं.

"मग आम्ही काय करायचं गो?"

मला हसू आलं. मी आत गेले, वहीतलं पान फाडलं आणि त्या दोघांसाठी यादी केली. मोठ्या अक्षरात. एक, कावळ्याचं पीस. दोन, आवाज न करणारी वस्तू. आणि तीन, तुम्हा दोघांचं एकमत होईल अशी वस्तू.

मामंजींनी ती काकूंना वाचून दाखवली. दोघांनी मला एकसुरात वेडी ठरवलं. आणि मग, जरा वेळानं, मामंजींनी काठी घेतली, काकूंनी पदर खोचला, आणि दोघं परसात हुडकायला निघाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पीस लगेच मिळालं. आवाज न करणाऱ्या वस्तूवर वाद झाला. मामंजी म्हणाले दगड, काकू म्हणाल्या दगड पडला की वाजतो, कापूस घ्या. मामंजी म्हणाले कापूस घरातला, हुडकून कसा म्हणायचा? मग तिसरं कलम. केळीपाशी थांबले, पटलं नाही. जास्वंदीपाशी थांबले, पटलं नाही. माझा मुलगा बॅट घेऊन आला आणि माझ्याशेजारी खिडकीत उभा राहून बघायला लागला. "आई, ते लांब चाललेत," तो म्हणाला, आणि नकळत खोकला. मी त्याला चापट मारली.

अर्ध्या तासानं दोघं परत आली, घामानं निथळलेली. काकूंच्या मुठीत गवती चहाची पाती होती.

"ही तिसरी," मामंजी म्हणाले.

"यावर एकमत झालं?" मी विचारलं.

"झालं," काकू म्हणाल्या. "तुझा चहा पाणचट असतो, यावर. भाऊजी इतकी वर्षं बोलले नाहीत एवढंच."

"वहिनींनी विषय काढला म्हणून," मामंजी म्हणाले, आणि तपकिरीची डबी हुडकायला लागले, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये.

मी मुकाट्यानं पाती घेतली आणि चहाचं आधण ठेवलं.